चौदा नंबर, लाइन चांगली आहे

चौदा नंबर,

नाव लिहायला घेतलं आणि पेन थांबला. सुशीला. सगळं अक्कलकुवा तुला भाभी म्हणायचं, वरच्या पाड्यांवरच्या बायका भाभीबेन म्हणायच्या, तुझ्या घरचे आता फोटोखाली ‘श्रीमती’ लावतात. माझ्यासाठी तू पहिल्या दिवसापासून चौदा नंबर, आणि तुझ्यासाठी मी ऑपरेटर. उभ्या जन्मात एकमेकींना हुद्द्याने हाका मारणाऱ्या अशा दोन बायका या बाजारात दुसऱ्या नसतील.

तू जाऊन सतरा दिवस झाले. तू कुठे जन्मलीस, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या मुलाने पेपरात दिलंय. फोटो वाईट निवडलाय. त्यात तू धार्मिक दिसतेस. उठावण्याच्या बैठकीला एक बाई माझ्या शेजारी बसून म्हणाली, “भाभी किती शांत स्वभावाच्या होत्या.” मी पदर तोंडावर धरला. तिला वाटलं मी रडतेय. अगं, मला हसू आवरेना.

शांत! आपण दोघी शेवटच्या वर्षात ज्या एका गोष्टीवरून भांडत होतो, ते भांडण तुझ्या गच्चीवरून खाली भांड्यांच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं. दोन म्हाताऱ्या भांडताहेत कशावरून? सुनांवरून नाही, गुडघ्यांवरून नाही. इंटरनेटची चावी कोणाच्या हातात असावी यावरून. भांडीवाला म्हणायचा, “या दोघींना दिल्लीला पाठवा.”

भांडण अर्धं टाकून गेलीस. आता मी एकटीच बोलणार आणि तुला ऐकून घ्यावं लागणार. उलट उत्तर देता येत नाही ना? बरं झालं.

आधी त्या जुन्या सुमनबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, सांगू दे. तेवीस वर्षांची, धानोऱ्याच्या पाटलांची, मॅट्रिक पास, दोन वेण्या, आणि नाकाचा शेंडा सातपुड्यापेक्षा वर. टेलिफोन ऑपरेटरची नेमणूक आली तेव्हा त्या मूर्ख मुलीने आठ दिवस गोठ्यात उभं राहून म्हशीला “नंबर प्लीज” म्हणण्याचा सराव केला. म्हशीने नंबर दिला नाही, पण माझा आत्मविश्वास वाढला. अक्कलकुव्याच्या एक्स्चेंजमध्ये बसले तेव्हा सगळ्या गावात मोजके फोन होते. कोणी फोनचा दांडा फिरवला की माझ्या बोर्डावर त्याच्या नंबरची छोटी झाकणी टपकन खाली पडायची. मी प्लग खोचायचे, “नंबर प्लीज” म्हणायचे, दुसरा प्लग खोचायचे आणि दोन माणसं एकमेकांना जोडली जायची. नियम असा की जोडून झालं, बोलणं सुरू झालंय एवढी खात्री झाली की ऑपरेटरने आपली चावी वर करायची. म्हणजे तिच्या कानात काही येत नाही.

मी चावी वर करायचे नाही.

का करावी? मिरचीचा भाव काय, कोणाचं लग्न कुठे मोडलं, कोणत्या साहेबाची बदली झाली, सगळं मला आधी कळायचं. बाजारातून चालताना मला वाटायचं, या सगळ्यांच्या पोटातलं मला माहीत आहे. कोणाचा फोन लवकर जोडायचा, कोणाला “लाइन बिझी आहे” म्हणून ताटकळत ठेवायचं, तेही मीच ठरवायचे. एका आडत्याने मला एकदा ‘ए बाई’ म्हटलं तर त्याचा सुरतचा कॉल मी दुपारपर्यंत लागू दिला नाही. त्या पोरीला वाटायचं ती गावाची सेवा करतेय. खरं सांगू? ती गावाच्या मानेवर बसली होती, आणि वर पाय हलवत होती.

तू त्या सुमारास लग्न होऊन आलीस. चौदा नंबर, बाजारपेठेतलं कापडाचं दुकान. राजस्थानातल्या पालीकडून तुझ्या भावाचा ट्रंक कॉल यायचा. पहिल्याच कॉलला तू रडलीस. घुंगट, चूल, मोठं घर, भाषा कळत नाही, इथली भाकरी घशाखाली उतरत नाही. मी हेडफोन कानाला घट्ट दाबून सगळं ऐकलं. मारवाडी मला पुरती येत नव्हती, पण रडणं येत होतं.

मग त्या शहाण्या सुमनने निकाल दिला. माझी आई म्हणायची, माहेरचा निरोप फार आला की सासरी पोरीचा पाय ठरत नाही. मला वाटलं, या नव्या नवरीचं भलं करू. पुढचे आठ दिवस तुझ्या भावाचा फोन आला की मी त्याला सांगितलं, “लाइन खराब आहे.” गोड आवाजात सांगितलं. मला सरकारकडून गोड आवाजाचाच पगार मिळायचा.

ते कॉल मी जोडलेच नाहीत, म्हणून तो काय सांगायला धडपडत होता ते मलाही कळलं नाही. कळलं ते किती वर्षांनी! एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, माझा बोर्ड उचलून नेला, मला बिलांच्या खिडकीत बसवलं, आणि तू सासऱ्यांशी भांडून दुकानाच्या पायरीवर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ टाकलास. मी रिकामी झाले की तुझ्याकडे येऊन बसायचे. बोर्ड गेलेल्या बाईला फोनच्या वासाशिवाय करमत नाही. एकदा तू हसत हसत, पापडाचा तुकडा मोडत, बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणालीस, “ऑपरेटर, तुले माहीत शे का? मन्हा लगीनना साले आठ दिन लाइन खराब व्हती. नही ते मी मास्तरीण व्हयनी असती.”

तुला पालीच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाली होती. सासऱ्यांनी लग्नात बोलणं केलं होतं, शिकायला पाठवू म्हणून. सोमवारच्या आत हजर व्हायचं होतं. भाऊ तेच सांगायला रोज फोन लावत होता. शेवटी त्याने पत्र टाकलं, ते जागा गेल्यावर पोचलं.

तू पापड खात होतीस. मीही एक उचलला. मी म्हटलं, “हो गं, तेव्हाच्या लाइनी तशाच होत्या.”

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा मोठं. पहिल्या वेळी मी मूर्ख होते, दुसऱ्या वेळी मला सगळं कळत होतं.

तू मास्तरीण झाली नाहीस, पण तुझ्यातली मास्तरीण कुठे मरते? बूथ बंद पडल्यावर तू कापडाच्या गाठोड्यांमागे दोन संगणक मांडलेस. बाजाराच्या दिवशी डोंगरातून आलेल्या पोरी आधी तुझ्याकडे फॉर्म भरायच्या आणि मग बांगड्या घ्यायच्या. आणि वयाची साठी उलटल्यावर, जेव्हा बायका जपाची माळ हातात घेतात, तेव्हा तू गच्चीवर लोखंडी खांब रोवलास.

तुला आठवतं का, वरच्या पाड्यांना मोबाइलची रेंज एका दगडावर यायची? त्या दगडालाच लोक ‘टावर’ म्हणायचे. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर एकाने पळत जाऊन दगडावर चढायचं. तू परवानग्यांसाठी नंदुरबारच्या चकरा मारल्यास, दुकानात आलेली केबल गच्चीवर नेलीस, खांबावर अँटेनाची पांढरी थाळी बसवलीस. तशीच दुसरी थाळी डोंगरावरच्या शाळेच्या छपरावर, आणि तिथून चार पाड्यांना नेट. वरची थाळी सांभाळायला अंगणवाडीची मोगीबाई. वाऱ्याने थाळी फिरली की ती लुगडं खोचून छपरावर चढते आणि तिथूनच ओरडते, “भाभीबेन, आता दिसतंय का बोल!”

तुझ्या मुलाने डोकं धरलं होतं. कारण पाड्यांवरच्या बायका आमचूर विकायला आल्या की आता आधी फोन काढून नंदुरबारचा भाव दाखवायच्या. तुझंच दुकान, तुझंच नेट, आणि तुझ्याच मुलाला गप्प बसावं लागायचं. तो म्हणाला, “मम्मी, आपल्याच पायावर धोंडा.” तू म्हणालीस, “पाय काढून घे ना मग.”

आणि मग आला चावीचा प्रश्न. या सगळ्या थाळ्यांचा एक मुख्य पासवर्ड असतो. तो ज्याच्याकडे, तो काहीही चालू करू शकतो, काहीही बंद करू शकतो, कोण काय बघतंय ते पाहू शकतो. मी आपली सहज पुढे झाले. म्हटलं, माझा अनुभव आहे, माझ्याकडे ठेव. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मांजर दुधाची राखण मागायला आलीय.

तू तुमच्या मंदिरातल्या भंडाराची गोष्ट सांगितलीस. दानपेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरी. तिघं एकत्र आल्याशिवाय भंडार उघडत नाही. मी विचारलं, तीनही माणसं चांगली असली तरी? तू म्हणालीस, चांगल्या माणसांसाठीच तर ही रीत आहे, वाईट माणसाला किल्ली देतंय कोण?

पासवर्डचे तीन तुकडे झाले. एक तुझ्याकडे, एक मोगीबाईकडे, एक माझ्याकडे. टाकायची वेळ आली की एकीने आपला तुकडा टाकायचा आणि बाकीच्या दोघींनी पाठ फिरवायची. आणि दुकानाच्या भिंतीवर तू वही फाडून कागद चिकटवलास: काय बंद केलं, कोणी सांगितलं, का सांगितलं. मी म्हटलं, “ही काय लग्नातली आहेराची यादी आहे का, सगळ्यांना दाखवायला?” तू म्हणालीस, “हो.”

आता गेल्या वर्षीच्या भांडणाकडे येते. चंपाचं भांडण.

वरच्या पाड्याची चंपा, तळोद्याला कॉलेजात जाते. सुट्टीत रोज शाळेच्या भिंतीला टेकून तासन्‌तास फोनमध्ये. मी वर गेले की बघायचे. हसणं, लाजणं, ओढणीचं टोक चावणं. मला पन्नास वर्षांचा अनुभव, मी ओळखलं. खाली येऊन तुला सांगितलं, “मुलगा आहे. यादी काढू. कोणती पोरगी काय बघते, कोणाशी बोलते, ते आपल्याला कळलं पाहिजे. आठवड्याला एकदा त्यांच्या आयांना सांगू.” दोनचार सासवाही माझ्या बाजूने होत्या. कागद तयार केला होता मी, समास आखून.

तू कागद वाचलास. चष्मा काढलास.

“तुले कोनी इचारं?”

“अगं, पण मी खोटं सांगत नाहीये. मुलगाच आहे.”

“व्हई ना. मी कोठे नही म्हनस? बरोबर वळखं म्हनीसन तुले हक उना का?”

मी चिडले. म्हटलं, तुला काय माहीत लक्ष न ठेवल्यावर काय होतं. याच नेटवरून अफवा आली आणि बाजारात भांडी विकणाऱ्या परक्या माणसाला पोरं पळवणारा समजून लोकांनी घेरलं होतं, विसरलीस? मोगीबाईच्या भाच्याला फोनवर गोड बोलून कोणी फसवलं, विसरलीस? बोर्डावर कोणीतरी बसायलाच हवं. शहाणं, जबाबदार माणूस.

तू म्हणालीस, “घाटमा गाड्या पडतस. म्हनीसन रस्ता एकना खिसामा ठेवाना का?” मग तू मराठीत आलीस. तू गंभीर झालीस की मराठीत यायचीस. “वळणावर कठडा बांधू, पाटी लावू, सगळ्यांना दिसेल अशी. पण गाडीत कोण बसलंय, कुठे चाललंय, ते विचारत उभी राहू नकोस.”

त्यावर मी माझं सगळ्यात मोठं हत्यार काढलं. काय बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटलं, “मला शिकवू नकोस. लक्ष ठेवणं काय असतं ते मला माहीत आहे. चुकतंही कधी. तुझ्या लग्नाच्या साली मी तुझ्या भावाला आठ दिवस लाइन खराब आहे म्हणून सांगितलं. चुकले. पण वाईट हेतू नव्हता.”

भांडणात जिंकायला म्हणून बोलले, चौदा नंबर. कबुली म्हणून नाही. एवढी मी वाईट.

चष्मा डब्यात ठेवलास, डबा बंद केलास, जिना उतरलीस.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तुझ्या सुनेने, निकिताने उचलला. घुटमळत म्हणाली, “काकू, मम्मीजी म्हणतात... लाइन खराब आहे.”

मागे तू उभी होतीस. तुझ्या बांगड्या मला ऐकू आल्या.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मी दुकानात आले, तर तू समोर बसून कापडाचा तागा गुंडाळत होतीस आणि निकिता बिचारी तुझ्या नि माझ्या मध्ये उभी राहून म्हणाली, “काकू, लाइन अजून दुरुस्त नाही.” गिऱ्हाइकं बघत राहिली. मी घरी जाऊन जेवले नाही. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, तुझा भाऊ पालीच्या पोस्टात रोज उभा राहून काय ऐकत होता. माझा गोड आवाज.

नवव्या दिवशी तुझाच फोन.

“ऑपरेटर, आठ दिन फिटनात. आते चहा पेवाले ये.”

मी आले. तू चहात आलं जास्त टाकलं होतंस, मला आवडतं तसं. मी ‘चुकलं’ म्हणायला तोंड उघडलं तर तू बिस्किट पुढे केलंस. मी ते खाल्लं. तो शब्द तसाच राहिला. तू मला तो म्हणू दिला नाहीस की मला म्हणायचा नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. कप खाली ठेवताना तू एवढंच म्हणालीस, “यादीना कागद फाड. आनि चावी तुन्हा एकलीना हातमा? या जलममा ते नही माय.”

कागद मी फाडला. पण मनातून हटले नव्हते. पुढचे सगळे महिने मी तुला टोचत राहिले. सरकारकडे दे. मोठ्या कंपनीकडे दे, त्यांच्याकडे माणसं असतात. तीन बायकांनी पाठी फिरवून कुठे जगाचा कारभार चालतो? तू म्हणायचीस, जगाचं मला माहीत नाही, चार पाड्यांचा चालतो. आणि ज्यांच्या घरातून तार जाते त्यांनाच विचारत नाही तो कारभार कसला? यावर माझं उत्तर तयार होतं. मंगळवारी येऊन देणार होते. तू सोमवारी गेलीस. नेमकी सोमवारी.

आता मागचं सांगते, तू गेल्यानंतरचं.

एका इंटरनेट कंपनीचा माणूस तुझ्या आजारपणातच येऊन गेला होता, तुला माहीत आहे. उठावण्यानंतर तो परत आला. नवी थाळी, नवा खांब, चार पाडे फुकट. काही गोष्टी कायम फुकट, बाकीच्यांचं पुढे बघू. आमच्याकडून फक्त सही आणि चावी. तुझा मुलगा म्हणाला, “काकू, करून टाका सही. मम्मीनंतर हे कोण बघणार? तुमचे गुडघे गेलेत.” माझे गुडघे हा आता जाहीर विषय आहे.

खरं सांगते, पेन हातात घेतला होता. तुझ्याशिवाय भांडण्यात मजा नव्हती आणि तुझ्याशिवाय ते सांभाळण्यात दम नव्हता. शिवाय पासवर्डचा तुझा तुकडा कोणाला माहीत? तो गेला असेल तर सगळंच गेलं. मी निकिताला विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराशी चाळा करायला लागली.

“काकू, मम्मीजींनी सांगून ठेवलंय. त्यांचा तुकडा आहे. पण... तुम्हाला द्यायचा नाही.”

“काय?”

“म्हणाल्या, ऑपरेटरकडे एक आहे. दुसरा तिच्या हातात गेला तर ती तिसरा मोगीबाईकडून गोड बोलून काढून घेईल.”

चौदा नंबर! मरताना! नळ्या लावलेल्या असताना सुद्धा तू माझी व्यवस्था लावत होतीस! मला इतका राग आला की मी चहा न घेता निघाले, आणि बाजाराच्या चौकात येऊन एकटीच हसायला लागले. भांडीवाला दुकानातून बाहेर आला. हसले, कारण तू म्हणालीस ते खरं होतं गं. मी मोगीबाईला काय म्हणेन याची वाक्यं माझ्या डोक्यात तयार होती.

“मग दिलाय कोणाला?” हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“चंपाला.”

यावर काही लिहीत नाही. तू वर कुठे असशील तिथे गुडघ्यावर थाप मारून हसली असशील. हसून घे.

रविवारी वरच्या शाळेच्या ओसरीत सभा झाली. मी जीपने गेले, पुढची सीट भांडून मिळवली. चारही पाड्यांची माणसं, बायका जास्त. कंपनीच्या साहेबाने छान समजावलं, पांढरा शर्ट, बाटलीतलं पाणी. फुकट, फुकट, फुकट. माणसं माना हलवत होती. मग मोगीबाई उठली.

“साहेब, बंद झालं तर कोणाला सांगायचं?”

“तक्रार नंबर आहे ना बाई.”

“आणि तुम्हीच बंद केलं तर? आमचूरचा भाव दिसतो ते, नाहीतर पोरींचा फॉर्म?”

“तसं आम्ही करत नाही. काय दाखवायचं, काय नाही, ते सिस्टीम ठरवते.”

मोगीबाईने डोकं खाजवलं. “सिस्टीम कोणत्या गावची?”

सगळे हसले. साहेबही हसला. मी नाही हसले. मोगीबाई खरंच विचारत होती. तिला जाऊन त्या सिस्टीमला भेटायचं होतं, ओसरीत बसवायचं होतं, आमचं काय चुकलं ते विचारायचं होतं. आणि त्या साहेबाला कुठे माहीत, सिस्टीम त्याच्या समोरच सतरंजीवर बसली होती. पांढरे केस, गुडघे गेलेले, गाव धानोरा.

मी उठले. मोगीबाईने हात दिला. म्हटलं, “साहेब, सिस्टीमला मी ओळखते. ती तेवीस वर्षांची असते, तिचा आवाज गोड असतो, तिला सगळ्यांचं भलं करायचं असतं. ती अर्धं ऐकते आणि पुरा निकाल देते. आणि तिने काय केलं ते समोरच्याला कळतसुद्धा नाही. त्याला वाटतं लाइन खराब आहे.”

मग मी तुझी गोष्ट सांगितली. पालीचा भाऊ, आठ दिवस, सोमवार, सगळी. तुझं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. तुझा मुलगाही होता, त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्याकडे बघून मी तो शब्द म्हटला, जो बिस्किटाबरोबर गिळला होता. “चुकलं माझं.” तुला म्हणायला हवा होता. मी उशिरा जोडला. आता पोचला असला तर बरं.

सही झाली नाही. कोणी भाषण केलं नाही, हात वर केले नाहीत. मोगीबाईने साहेबाचा कागद नीट घडी करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “जेवून जा.” तोही बिचारा जेवला. भगर दोनदा घेतली.

तुझा मुलगा उतरताना माझ्या जीपमध्ये बसला. घाट संपल्यावर म्हणाला, “काकू, खांबाला गंज चढलाय. या आठवड्यात रंग देऊन घेतो.”

रीतीप्रमाणे, तीनपैकी एक बदलली की पासवर्ड नवा करायचा. काल दुपारी आम्ही तिघी तुझ्या गच्चीवर जमलो. मोगीबाई, चंपा, मी. निकिताने लॅपटॉप लावून दिला आणि ती स्वतःहून खाली गेली. तिला तू चांगलं शिकवलंयस. आधी मोगीबाई बसली, एका बोटाने टाकत, ओठ हलवत. मग चंपाची पाळी. मी पाठ फिरवली.

तुला सांगते, कठीण आहे गं. कळा दाबल्याचा आवाज येत होता. पन्नास वर्षांपूर्वीची ती दोन वेण्यांची पोरगी माझ्या मानेत बसली होती आणि मान वळवत होती. जरासं. कोणाला कळणारही नाही. मी जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. निकिताने आता तुझा तो कागद तिथे चिकटवलाय, तुझं तिरकं अक्षर. काय बंद केलं, कोणी सांगितलं, का सांगितलं. मी तो तीनदा वाचला. मान जागेवर राहिली.

मग माझी पाळी. मी माझा तुकडा टाकला. काय टाकला ते तुलाही सांगणार नाही. दिवा हिरवा झाला आणि वरच्या पाड्यांवर नेट परत आलं असावं, कारण चंपाचा फोन वाजला. तिने स्क्रीन बघितली, ओढणीचं टोक तोंडात गेलं. मला त्या टोकाची ओळख आहे. मी जिन्याकडे निघाले.

“आजी,” ती म्हणाली, “विचारा ना. कोण आहे ते.”

“मी विचारत नाही.”

“मग मी सांगते.”

तिने सांगितलं. आम्ही दोघी तुझ्या खांबाला टेकून उभ्या होतो. तिने बरंच सांगितलं, हसून, मध्येच थांबून, मला सल्लाही विचारला. आणि मी, जी सगळ्या बाजाराचं पोटातलं ऐकत आले, मला पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून काही सांगत होतं. किती वेगळं लागतं ते कानाला. काय सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. भिंतीवरही लावणार नाही. मंगळवारी तुझ्यासाठी जे उत्तर आणणार होते तेही आता विसरले. चांगलं होतं, एवढं आठवतं.

भांडण संपलं असं समजू नकोस. अफवांचं काय करायचं, हे तू अजून सांगितलेलं नाहीस. मोगीबाई म्हणते, कठड्याचे दगड सगळ्यांनी मिळून वाहायचे. बघू. मी, ती आणि चंपा भांडतोय त्यावर. चंपा तुझ्यासारखीच उलट बोलते.

तुझा नंबर माझ्या फोनमध्ये अजून ‘चौदा’ या नावाने आहे. निकिता म्हणते, तो आता ती वापरते. काल संध्याकाळी मी लावला. वाजला. निकिताने उचलला, मागे तुझ्या नातवाचा आवाज होता. तो पालीच्या मामाआजोबांशी दुसऱ्या फोनवर बोलत होता. आता तुझ्या भावाला ऐकू कमी येतं, पण हट्ट तोच. रोज लावतो. रोज लागतो.

मी निकिताला म्हटलं, “काही नाही गं. लाइन चांगली आहे का, तेवढंच बघत होते.”

बोल तू, चौदा नंबर. जोडून दिलंय. मी चावी वर करते.